वरचा आवाज कोणी कापला

अप्पा,

तुम्हाला देवनागरी यायची ती स्तोत्रांच्या पोथीपुरती, आणि मी आता लिहिते ती मराठी पुण्याची आहे, आपल्या कुंभकोणच्या घरातली नव्हे. हे पत्र तुमच्यासमोर धरलं असतं तर तुम्ही चार ओळी अडखळत वाचल्या असत्या आणि म्हणाला असता, "हे काय गे, पंतोजीसारखं लिहिलीस?" मी पुण्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका दुकानात "मज साखर हवी" म्हटलं होतं. दुकानदार हसला नाही, पण आतून बायकोला बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून हळूहळू जीभ बदलत गेली. आता आपल्यासारखं बोलायला कुणी उरलेलं नाही, म्हणून कधीकधी मी स्वयंपाकघरात एकटीच बोलते. सार उकळताना तुम्ही "पुरे, पुरे, उतर" म्हणायचात ना, तसं.

लिहायचं कारण आपला जुना गाण्यांचा आल्बम आहे. मी 'आपला' म्हणते, कारण त्यातला अर्धा आवाज तुमच्या कारखान्यातला आहे. काही तरुण मंडळी तो पुन्हा काढणार आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला मद्रासेत दोन माणसांनी इंडस्ट्रियल रॉक केलं होतं, भांड्यांच्या कारखान्यातले ठोके, भट्टीचा भाता आणि लेथची घरघर घेऊन, ह्याचं त्यांना मोठं नवल वाटतं. त्यांनी मला विचारलंय, "मूळ आवाज नंतर का बदलला? तुमच्या निर्मात्याने तो कापला, हे खरं ना?" या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं दिलेलं नाही. ते उत्तर माझ्या एकटीचं नाही, तुमचंही आहे.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेव्हापासून शाळा सुटली की मी कुंभकोणच्या त्या कारखान्यात येऊन तुमच्या शेजारी बसायची. पुढच्या पडवीत तुमची चटई, उजवीकडे तयार घागरी, समया आणि घंटा, डावीकडे भट्टीत परत जायचा माल. हातात चिंचेच्या लाकडाची मोगरी. तुम्ही प्रत्येक नग उचलायचात, एकदा हळूच ठोकायचात, डोळे मिटायचात. ओतताना कुठे केसाएवढी चीर राहिली असली तरी ती तुम्हाला ऐकू यायची. "हे बोलतं," म्हणून उजवीकडे. "हे मुकं," म्हणून डावीकडे. मालकसुद्धा तुमच्या निकालावर बोलायचे नाहीत. मी दहा वर्षांची असताना तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी मोगरी उचलली. एका घागरीला ठोकून मोठ्याने म्हणाले, "हे मुकं!" भट्टीवरच्या माणसाने ती नेली आणि फोडलीसुद्धा. तुम्ही परत आलात, तुकडे पाहिलेत. मला वाटलं, मारणार. तुम्ही मला समोर बसवलंत आणि इतक्या हळू बोललात की मला पुढे वाकावं लागलं. "तुज ऐकू आलं होतं?" मी मान हलवली, नाही. "मग आलं म्हणून काय म्हणून सांगिटलीस? ऐकू आलं नाही तर नाही म्हणावं. त्यात लाज नाही." त्या संध्याकाळी तुम्ही घरी माझ्या पानात तुपाचा दुसरा चमचा वाढलात.

पुढे मी मद्रासला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेले. तिथे तो मित्र भेटला, गिटार वाजवणारा आणि गाणारा, म्हणजे ओरडणारा. तुम्हाला तो आवडायचा, कारण तो जेवताना मागून घ्यायचा. परदेशातून आलेल्या कॅसेटींवर आम्ही यंत्रांच्या गोंगाटातून बांधलेली गाणी ऐकली. मी त्याला म्हणाले, "हे तर मी शाळा सुटल्यावर रोज ऐकायची." एका सुट्टीत मागून आणलेला टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोन घेऊन आम्ही कारखान्यात आलो. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतंत की मुलगी कॉलेजचं काम करते आहे. ती तीन दिवसांची सुट्टी मला अजून दिसते. तुम्ही देवळासाठी केलेली मोठी घंटा दोरीला टांगून देता, मित्र मायक्रोफोन धरून उभा आहे, तुम्ही त्याला विचारता, "ठोकू काय?" आणि तो हातवारे करून सांगतो की बोलू नका. तुम्ही लहान मुलासारखे ओठ दाबून धरता. मग ठोका.

त्या ठोक्यात दोन आवाज होते. एक खालचा, पोटात उतरणारा. आणि एक वरचा, तारेसारखा बारीक, पुष्कळ वेळ टिकणारा, कानाला जवळजवळ टोचणारा. आमचा सगळा आल्बम त्या वरच्या आवाजावर उभा होता. आठ गाणी, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे ती तार ताणलेली.

आमच्यासारख्यांना हाताशी धरणारं कुणी नव्हतं. शेवटी एका छोट्या कॅसेट कंपनीने होकार दिला आणि स्वतःचा निर्माता बसवला. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला रुमाल. आयुष्यभर त्यांनी भक्तिगीतांच्या कॅसेटी केल्या होत्या. पहिलं गाणं ऐकून ते तमिळमध्ये म्हणाले, "ठोके सुंदर आहेत. पण वर ही शिट्टी कसली?"

तिथून भांडण सुरू झालं, ते तीन आठवडे चाललं. त्यांचं म्हणणं, लोक हे घरच्या लहान टेपरेकॉर्डरवर ऐकणार, तिथे ती तार नुसती करकरेल, दुसऱ्या गाण्याला माणूस बंद करील. ती कापू, खालच्या ठोक्याला वजन देऊ. मित्र म्हणायचा, करकरलीच पाहिजे.

"कान दुखवून घ्यायला लोक कॅसेट विकत घेतील असं वाटतं तुम्हाला?" निर्माते विचारायचे.

"दुखायला नको असेल त्यांनी तुमची भजनं ऐकावीत," मित्र म्हणायचा.

मी मित्राच्या बाजूची होते. रोज स्टुडिओत गेलं की आदल्या दिवशी ठरलेलं मोडलेलं असायचं. आम्ही तार वर न्यायचो, ते खाली आणायचे. एकदा मित्राने मिक्सरवरच्या, तार वर-खाली करायच्या सरकत्या कळीवर चिकटपट्टी लावून टाकली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर निर्मात्यांनी ती नीट सोडवून, गुंडाळून, त्याच्या खुर्चीवर ठेवली होती.

मग मला वाटलं, मला फार शहाणं सुचलंय. मी म्हणाले, "ज्यांचा हा आवाज आहे त्यांनाच विचारू. माझे अप्पा वीस-पंचवीस वर्षं पितळ ऐकताहेत. दोन्ही वाजवू, कोणतं कुणाचं ते सांगायचं नाही. ते म्हणतील ते ठेवू." मित्राने टाळीच दिली. निर्माते म्हणाले, "सरी, ठीक आहे. त्यांचा शब्द मला मान्य." मी तुम्हाला विचारलंही नव्हतं, अप्पा. तुमच्या जिवावर पैज लावली आणि मग कारखान्यात फोन केला.

तुम्ही सकाळच्या गाडीने आलात. नेसलेली नवी वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, आणि केळीच्या पानात बांधलेली विड्याची पानं. ती पानं तुम्ही दोन्ही हातांनी निर्मात्यांना दिलीत. त्यांनी ती कपाळाला लावली आणि मिक्सरवर मांडायला जागा केली. तुम्ही काचेतून आतली यंत्रं पाहिलीत, आमच्यापैकी कुणी जेवलं का हे विचारलंत, आणि लाकडी हातांच्या खुर्चीवर ताठ बसलात, अगदी पडवीत बसायचात तसे.

आधी तारेसकट वाजवलं. मग तारेशिवाय. तुम्ही डोळे मिटले होतेत. "अजून एकदा," म्हणालात. पुन्हा दोन्ही वाजवलं. तुमचा डावा हात मांडीवरून उठला आणि खुर्चीच्या लाकडावर पालथा टेकला. "अजून एकदा." तिसऱ्यांदा ऐकून तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत, मग निर्मात्यांकडे.

"मज दोन्ही एकच लागतात," तुम्ही म्हणालात.

मी ते तमिळमध्ये सांगितलं. मित्र उठला. त्याला वाटलं, तुम्ही मोठ्या माणसाचं मन राखताहात. "म्हणजे अप्पाही त्यांच्यातलेच झाले," एवढं माझ्याशी इंग्रजीत बोलून तो बाहेर गेला. मागे दार आपटलं. मलाही राग आला, अप्पा. मला वाटलं, नीट ऐकलंच नाहीत तुम्ही. मी वाकून बाकीचे सगळे आवाज खाली घेतले आणि ती तार तेवढी एकटी वर चढवली, पार वर. खोलीभर ती सुईसारखी भरली. निर्मात्यांनी डोळे बारीक केले. माझे दात शिवशिवले.

तुम्ही शांत बसला होतात. हात मांडीवर, मान जरा पुढे. आम्ही दोघं तुमच्याकडे पाहतोय, तार वाजतेय, आणि तुम्ही थोडा वेळ वाट पाहून अदबीने म्हणता, "सुरू करा की."

माझा हात कळीवरच राहिला. निर्मात्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि तो हळूहळू खाली आणला, तार पूर्ण जाईपर्यंत. मग ते तुमच्याकडे वळून चांगलं मोठ्याने म्हणाले, "माफ करा सर, वायर सैल झालीय. आज काही वाजायचं नाही. चला, कापी घेऊ." तुम्ही म्हणालात, "असू दे, असू दे, यंत्र आहे." आणि त्यांच्याबरोबर बाहेर गेलात. कॉफी पिताना ते तुम्हाला कुंभकोणच्या विड्याच्या पानांबद्दल विचारत राहिले आणि तुमच्या समोर, तोंड दिसेल असे बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की तुम्ही बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहता.

एग्मोर स्टेशनवर गाडीत बसवताना तुम्ही खिडकीतून माझं मनगट धरलंत. "तुझं काम मोठं आहे गे. मज कळलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको." मी म्हणाले, "तसं काही नाही अप्पा." मला म्हणायचं होतं की अंदाजाने एक बोट दाखवलं असतंत तरी कुणाला समजलं नसतं. दोनांतलं एक तर निवडायचं होतं. पण ऐकू आलं नाही तर तुम्ही नाहीच म्हणणार होतात, तुम्हाला दुसरं येतच नव्हतं. गाडी हलल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी लवकर स्टुडिओत गेले. निर्माते म्हणाले, "रात्रभर विचार केला. त्यांनी माझी बाजू घेतली नाही, तुमचीही नाही. तुमचा आल्बम आहे, तार ठेवू. मी आता वाद घालणार नाही." तीन आठवड्यांत मला हवं होतं ते त्यांनी असं पुढ्यात ठेवलं. मी म्हणाले, "नको. कापा. त्यात जे असेल ते सगळं माझ्या अप्पांना ऐकू यायला पाहिजे." त्यांनी चष्मा काढला, त्या घडीच्या रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मग चार दिवस ते त्या खालच्या ठोक्यामागे लागले. घंटेचा, घणाचा, भात्याचा तळ त्यांनी असा वर आणला की खुर्चीत बसलं तर मणक्यात जाणवावा. तसं काम त्यांनी भजनांसाठीही कधी केलं नसेल.

मित्राला मी सांगितलं, मला त्यांचं पटलं. एवढंच. का पटलं ते सांगितलं असतं तर त्याने चार जणांना सांगितलं असतं, कुणाला तरी त्याची गंमत वाटली असती, ती कुंभकोणपर्यंत गेली असती. कानाने ऐकून भांडी पास करणारा माणूस, आणि त्यालाच ऐकू येत नाही! तुमची चटई दुसऱ्या दिवशी उचलली असती. म्हणून मी गप्प राहिले. त्याने शेवटचं गाणं गायलं, हेडफोन टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "तू विकली गेलीस." त्यानंतर आम्ही एकत्र काही केलं नाही. आल्बम निघाला, फारसा कुणी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला ते पुढे कधी विचारत आले की मित्र सांगायचा: निर्मात्याने आमचा आवाज कापला, भजनवाल्याला रॉक काय कळणार. तेच पुढे छापून आलं, तेच आजही लोक म्हणतात. निर्मात्यांनी एकदाही खुलासा केला नाही. मीही नाही.

कॅसेट घेऊन मी घरी आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या कट्ट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला. तुम्ही डावा तळवा त्याच्या जाळीवर टेकवलात आणि उभ्याउभ्याच पहिली बाजू पूर्ण ऐकलीत. मध्येच म्हणालात, "ही आपली मोठी घंटा." पुढे, "हा भाता." मित्र ओरडायला लागल्यावर तुम्ही हसलात, "ह्याला भूक लागली काय?" बाजू संपली तरी हात उचलला नाहीत. मग विचारलंत, "तुज आवडलं?" मी हो म्हणाले. ते पुरतं खरं नव्हतं. माझ्या डोक्यातल्या गाण्यांत अजून ती तार वाजत होती. पण तुम्ही दुसरी बाजू लावायला सांगितलीत, तेव्हा ते खरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात येऊन बसले. पाहत होते. तुम्ही प्रत्येक घागर डाव्या तळव्यावर घेत होतात, बोटं खाली पसरून, आणि मग मोगरी. मी लहान असताना असं नव्हतं. मी पाहतेय हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही माझा हात ओढून आपल्या हातावर उताणा ठेवलात, त्यावर घागर ठेवलीत आणि ठोकलंत. तळव्यात एक गोल, लांब थरथर उठली आणि हळूहळू विरली. मग दुसरी घागर. ह्या वेळी थरथर उठली आणि मध्येच कशाला तरी अडखळून थांबली. "कळलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "कळलं." तुम्ही ती डावीकडे सरकवलीत. भट्टीवरच्या माणसाने फोडायच्या आधी मी ती उन्हात धरून पाहिली. काठाखाली केसाएवढी चीर होती. तुम्ही कुणाला फसवत नव्हतात. दुसरा रस्ता शोधला होतात, आणि तो मला एकटीला दाखवलात. आपण त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही. चार-पाच वर्षं तुम्ही अजून त्या चटईवर बसलात. मग तो ताप आला, आणि मी पुण्याहून पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. कारखान्यातली माणसं खांदा द्यायला आली होती. मालक मला म्हणाले, "असा कान पुन्हा मिळायचा नाही." मी मान खाली घातली.

काल सकाळी मी निर्मात्यांना फोन केला. आता ते ऐंशीच्या पुढचे आहेत, मुलीकडे राहतात. मी म्हणाले, "इतकी वर्षं लोक तुम्हाला दोष देतात, आणि तुम्ही तर तार ठेवायला तयार होतात. आता मी खरं सांगणार आहे." ते म्हणाले, "कशाला? मला काय कुठे निवडणूक लढवायचीय?" मग म्हणाले, "सरांनी पानं छान आणली होती हो." मी म्हणाले की तरीही मला सांगायचंय, फक्त अप्पांना विचारायला हवं. माझं डोकं फिरलंय असं ते म्हणाले नाहीत. "विचारा," म्हणाले. "काय म्हणतात ते मला कळवा."

म्हणून हे पत्र. तीस वर्षं मी तुमचं नाव झाकलं, आणि झाकायला दुसऱ्या एका भल्या माणसाचं नाव वापरलं. तुम्हाला हे समजलं असतं तर तुम्ही मला समोर बसवून हळू आवाजात बोलला असतात, आणि मला पुन्हा पुढे वाकावं लागलं असतं. म्हणून विचारते: सांगू का?

पण अप्पा, एक कबूल करायचं राहिलंय. मी काल दुपारीच मित्राला फोन केला. सगळं सांगितलं, खुर्ची, तार, "सुरू करा की". त्याने विचारलं, "हे झालं ते मी दार आपटून गेलो, त्यानंतर?" मी म्हणाले, "हो, लगेच." तो रडत होता की काय, समजलं नाही. नंतर त्याने निर्मात्यांचा नंबर मागून घेतला. त्या तरुण मंडळींना एवढंच सांगायचं ठरलं की आवाज कापायचं मी ठरवलं होतं, माझ्या कारणासाठी. तुमचं नाव त्यात येणार नाही. तेव्हा परवानगी मागायला मी बसले खरी, पण मागायच्या आधीच सांगून मोकळी झाले होते. तुम्हाला विचारून मग सांगायचं होतं, अप्पा. तेवढा धीर निघाला नाही.